सायकलची रेस दारावरून जाते तेव्हा

माळावरची (धागाकर्ती)

२०२६ च्या जानेवारीत पुण्यात मोठी आंतरराष्ट्रीय सायकल रेस झाली. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच तक्रार तिघांकडून ऐकली: "दोन तास ताटकळलो आणि अर्ध्या मिनिटात सगळे निघून गेले." हे वाचून मला राहवेना, म्हणून हा धागा. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी आजवर पाच-सहा वेळा रस्त्याकडेला उभी राहिलेय आणि पुढेही राहणार आहे. तुमचेही अनुभव वाचायचे आहेत. आधी माझा सांगते.

आम्ही इंग्लंडमध्ये यॉर्कशरला राहतो, कीथलीच्या जवळ. २०१४ साली टूर द फ्रान्सची, म्हणजे तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या सायकल शर्यतीची, सुरुवात इथून झाली. ५ जुलैला लीड्स ते हॅरोगेट, ६ जुलैला यॉर्क ते शेफील्ड आणि तिसऱ्या दिवशी केंब्रिज ते लंडन. यॉर्क-शेफील्डचा २०१ किलोमीटरचा टप्पा आमच्या कीथलीतून हॉवर्थच्या दगडी फरसबंदीच्या गल्लीत चढणार होता आणि तिथून ऑक्सनहोपच्या माळावर. तो माळ म्हणजे आमची रविवारची फिरायला जायची जागा. जगातले १९८ सर्वोत्तम सायकलपटू त्याच रस्त्यावरून जाणार, हे आधी खरंच वाटेना.

तयारी महिनाभर आधी सुरू झाली. लोकांनी अडगळीतल्या जुन्या सायकली काढल्या, पिवळ्या रंगवल्या आणि घरांच्या भिंतींवर, कुंपणांवर, दुकानांच्या छपरांवर टांगल्या. आयाबायांनी लोकरीच्या तळहाताएवढ्या जर्सी विणून त्यांच्या माळा केल्या आणि खांबाखांबांवर बांधल्या. हॅरोगेटला तर अशा हजारो जर्सी होत्या. माझी आई तेव्हा इथे आली होती. शेजारच्या आजीबाईंनी तिच्या हातात सुया आणि पिवळी लोकर दिली. आईला इंग्रजी येत नाही, आजीबाईंना मराठी येत नाही, पण टाके दोघींना येत होते. आईने अकरा जर्सी विणल्या. त्यातल्या एकीवर तिने लाल ठिपके भरले. घाटात सर्वांत पुढे असणाऱ्याला तशी जर्सी मिळते, हे तिला मुलाने सांगितलं होतं.

आमचं माहेर सासवडजवळ. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला मुक्कामाला येते, तेव्हा आमच्याकडे पिंपभर पाणी आणि पिठलं-भाकरी तयार असते. त्या वर्षी आई इकडे आल्यामुळे तिचं ते चुकलं होतं. आषाढी तीन दिवसांवर आली होती. रविवारी सकाळी सहाला उठले तर आई स्वयंपाकघरात थालीपिठं थापत बसलेली. मी म्हटलं, "अगं, आपण चौघंच." ती म्हणाली, "रस्त्यावर कोण कोण असेल, काय सांगावं."

रस्ते पहाटेपासून बंद, म्हणून चालतच निघालो. चढाच्या वरच्या अंगाला, दगडी बांधाला टेकून जागा मिळाली. दहा वाजेपर्यंत दोन्ही कडा माणसांनी भरल्या. खालच्या वळणावर कुणी बँड घेऊन आलेलं. पोरं खडूने रस्त्यावर नावं लिहीत होती. माझ्या मुलाने, तेव्हा नऊ वर्षांचा, देवनागरीत हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "चला हाणा!" शेजारच्या माणसाने अर्थ विचारला आणि मग त्यांच्या अख्ख्या घोळक्याने ते पाठ केलं.

अकराच्या पुढे जाहिरातींचा ताफा आला. टूरमध्ये ही पद्धत १९३० पासून आहे. शेकड्याहून जास्त गाड्या, त्यांवर राक्षसी आकाराचे पुतळे, संगीत, आणि टोप्या, चाव्यांच्या साखळ्या, गोळ्यांची पाकिटं उधळणारी माणसं. मोठी माणसंही पोरांसारखी पुढे वाकून झेलत होती. आईच्या पदरात ठिपक्यांची एक टोपी पडली. ती अजून सासवडच्या घरात खुंटीवर आहे.

मग दीड-दोन तास काहीच नाही. मला वाटतं, खरी मजा याच वेळात असते. आईने डबा उघडला. पहिलं थालीपीठ बंदोबस्तावरच्या पोलिसाला, मग पिवळं जाकीट घातलेल्या स्वयंसेवक मुलीला, मग बांधापलीकडच्या मेंढपाळाला. त्याच्याकडून थर्मासमधला चहा आला. त्याने शेफील्डजवळच्या जेंकिन रोडची माहिती दिली, शेवटच्या पाच किलोमीटरांत लागणारा तो चढ एके ठिकाणी तेहतीस टक्के आहे. आदल्या दिवशी हॅरोगेटला शेवटच्या क्षणी ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश पडला आणि त्याचा खांदा गेला, हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅव्हेंडिशची आई मूळची हॅरोगेटची. आजोळच्या गावात जिंकायला आलेला मुलगा पट्टी बांधून परतला.

एक वाजून गेला आणि सगळे एकदम गप्प झाले. दूर हेलिकॉप्टरचा आवाज. मग मोटारसायकली, मग निसटून पुढे आलेले काही जण, तोंडं उघडी, मानेच्या शिरा ताणलेल्या. आणि त्यानंतर मुख्य घोळका. टीव्हीवर त्याचा आवाज कधीच कळत नाही. शेकडो टायर आणि साखळ्यांचा एक सर्रर्र असा घोष, पावसाची सर पत्र्यावर चालून यावी तसा. वाऱ्याचा झोत गालावर लागला. पिवळ्या जर्सीतला (ती एकूण वेळेत पहिला असणाऱ्याला मिळते) मार्सेल किटल माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला, त्याच्या कोपरावरचा घाम दिसला. बांधावरचे वीस-पंचवीस इंग्रज एका सुरात "चला हाणा" ओरडत होते आणि त्या अक्षरांवरून टूर द फ्रान्स निघून गेली.

हो, अर्धं मिनिट. पण आमचा दिवस सकाळी सहाला सुरू झाला होता.

*

घाटवाट

वाचताना अंगावर काटा आला. दोन प्रश्न. उभं कुठे राहायचं हे कसं ठरवता? आणि कोण जिंकतंय हे तिथे कळतं का?

*

माळावरची

@घाटवाट, जागा निवडायची तर चढावर. सपाटीला घोळका ताशी पंचेचाळीस-पन्नासने जातो, डोळ्यांना नुसते रंग दिसतात. चढावर वेग निम्म्यावर येतो, घोळका ताणला जातो, मागे पडलेले वेगवेगळे येतात. सगळे जायला दहा-पंधरा मिनिटंही लागतात. घाट जितका उशिरा येणारा आणि जितका अवघड, तितकी ही रांग लांब. त्या दिवशी होम मॉस या पुढच्या चढाला उभे असलेल्यांना आमच्याहून जास्त बघायला मिळालं, कारण तोवर दमलेले गळायला लागले होते. किटलही तिथे मागे पडला.

चढ मिळाला नाही तर अवघड वळण बघा, तिथे सगळे ब्रेक लावतात. आणि लहान मुलं बरोबर असतील तर टप्प्याच्या सुरुवातीच्या गावी जा. तिथे संघांच्या बसगाड्या उभ्या असतात, सायकलपटू सही करायला येतात, जवळून दिसतात, हसतात, हातही हलवतात. शेवटच्या रेषेवर मात्र मी कधीच जात नाही. चार-चार रांगा मागे उभं राहून फक्त पाठी दिसतात.

कोण जिंकलं ते घरी येऊन टीव्हीवर पाहिलं. विन्चेंझो निबाली, फक्त दोन सेकंदांनी. पिवळी जर्सी त्याच्याकडे गेली आणि पुढे पॅरिसमध्येही तीच त्याच्या अंगावर होती. आपल्या माळावरून गेलेला माणूस अख्खी टूर जिंकला, याचं आमच्या गल्लीला आजही कौतुक आहे.

*

मुळशीकडचा

पुण्याच्या रेसबद्दल मी लिहितो, कारण तक्रार करणाऱ्यांत मीही होतो.

रेस १९ ते २३ जानेवारी, एकूण ४३७ किलोमीटर. पहिल्या दिवशी पुणे शहरात छोटी वैयक्तिक फेरी, मग चार टप्पे. मुळशी-मावळचा टप्पा आमच्याकडून जाणार होता. रस्ता बंद व्हायची जी वेळ आम्हाला सांगण्यात आली ती आणि प्रत्यक्षातली वेळ यांत तास-दीड तासाचा फरक निघाला. माझ्या चुलत्याची दुधाची गाडी फाट्यावर अडकली. दूध वाटायला उशीर झाला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, हे ज्याचा धंदा आहे त्यालाच कळतं. चुलते चिडलेले, मी चिडलेलो. अशा रेसची वेळ वाडीवस्तीवर नीट पोहोचलीच पाहिजे, यावर मी आजही ठाम आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन ओळी खडूने लिहिल्या असत्या तरी भागलं असतं.

पण गाडी अडकली म्हणून चुलते खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. शाळेची पोरं रांगेत आणून उभी केलेली, हातात कागदी झेंडे. लेझीमचं पथक होतं. धरणाच्या बाजूने वारा होता. आधी मोटारसायकली, मग सहा-सात जण, मग सगळे. चुलते स्वतः पंचवीस वर्षं दुधाच्या किटल्या लावून सायकल मारत पौडपर्यंत गेलेत. त्यांनी बघितलं काय, तर पोरांच्या पिंढऱ्या. म्हणाले, "ही पोरं चढाला बसूनच मारतात, उठत नाहीत. दम आहे." सगळ्यांत शेवटी एकटाच एक पोरगा आला, घोळक्यापासून पाच मिनिटं मागे. सोबत फक्त गाडी. त्याला चुलत्यांनी ज्या आवाजात "जा बाळा, जा, थांबू नको" म्हटलं, तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता.

तो कुठल्या देशाचा होता, कोण होता, काही माहीत नाही. चुलते मात्र परवा विचारत होते, पोहोचला असेल ना तो शेवटपर्यंत.

रस्ता रेससाठी नवा केलाय, तो अजून गुळगुळीत आहे. पावसाळ्यानंतर तसाच राहिला तर मी इथे येऊन आवर्जून लिहीन.

*

माळावरची

@मुळशीकडचा, शेवटच्या मुलाला हाक मारणारे तुमचे चुलते मला फार आवडले. इथेही शेवटी येणाऱ्याला सर्वांत मोठा आवाज मिळतो. वेळेच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. २०१४ ला आमच्या दारात रस्ता बंदीच्या वेळांची पत्रकं काही आठवडे आधी पडली होती, म्हणूनच लोक रागावण्याऐवजी डबे बांधून निघाले.

*

बोरघाटातला

पुण्यात रेस पहिल्यांदा आली असं कुणी म्हणालं की वाईट वाटतं. जागतिक दर्जाची पहिल्यांदा आली, हे मान्य. पण मुंबई-पुणे सायकल शर्यत आमच्या लहानपणापासून खोपोलीवरून जाते. आमच्यासाठी शर्यत म्हणजे बोरघाट. वडील आम्हाला शिंग्रोबाच्या देवळापाशी घेऊन जायचे, कारण तिथे चढ अंगावर येतो. घाटात जो पहिला त्याला "घाटाचा राजा" म्हणतात. टूरवाले ठिपक्यांची जर्सी देतात, आपल्याकडे हा किताब आहे, आणि माझ्या मते नाव आपलंच भारी आहे.

तेव्हा रस्ता पूर्ण बंद नसायचा. ट्रकच्या बाजूने, धुरातून पोरं चढायची. कुणाची चेन पडली तर बघणाऱ्यांतलाच एखादा धावत जाऊन हात काळे करायचा. आम्ही बाटलीत लिंबू-सरबत घेऊन उभे असायचो. एकाने माझ्या हातातून बाटली घेतली, निम्मी प्यायला, निम्मी डोक्यावर ओतली आणि रिकामी बाटली परत माझ्याच हातात दिली. मी सातवीत होतो. ती बाटली आईने फेकली तेव्हा दोन दिवस जेवलो नव्हतो.

*

गेंटवाली

बेल्जियमहून नमस्कार! इथे फ्लँडर्समध्ये सायकल रेस हा सणच आहे. "टूर ऑफ फ्लँडर्स" १९१३ पासून, एप्रिलच्या सुरुवातीच्या रविवारी. पिवळ्यावर काळा सिंह असलेले झेंडे आठवडाभर आधी घराघरांवर लागतात.

अर्ध्या मिनिटाची तक्रार असणाऱ्यांनी इथे यावं. आउडे क्वारेमाँट नावाचा दोन-सव्वादोन किलोमीटरचा, बराचसा दगडी चढ आहे, पुरुषांची रेस त्याच चढावर तीनदा येते. मधल्या वेळात शेतात लावलेल्या मोठ्या पडद्यावर बाकीची रेस बघायची. स्त्रियांची रेसही त्याच दिवशी असते. एका जागी उभं राहून पोटभर बघून होतं.

जवळच पाटरबर्ग आहे. जेमतेम साडेतीनशे मीटर, पण वीस टक्क्यांपर्यंत चढ. त्याची गोष्ट इथला प्रत्येक माणूस सांगतो: तिथल्या एका शेतकऱ्याला रेस आपल्या घरावरून जावी असं फार वाटायचं, म्हणून मातीच्या वाटेवर फरसबंदी झाली, आणि १९८६ पासून रेस खरोखर तिथून जायला लागली. तुमच्या धाग्याचं नाव वाचल्यावर पहिल्यांदा तोच आठवला.

पहिल्या वर्षी मी एकटी गेले होते, नवऱ्याला सुट्टी नव्हती. चिखल, थंडी, ओळखीचं कुणी नाही. बाजूच्या काकांनी माझ्या हातात तळलेल्या बटाट्याचा कागदी द्रोण दिला आणि क्रमांकांची यादी उलगडून कोण कुठल्या संघाचा ते समजावत बसले. त्यांना माझं नाव शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. आता सहा वर्षं आम्ही त्याच झाडाखाली भेटतो. मी चिवडा नेते.

*

शिट्टी

सगळं छान, पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. २०२१ च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात एका प्रेक्षक बाईने कॅमेऱ्याकडे तोंड करून फलक रस्त्यात धरला, टोनी मार्टिन त्याला धडकला आणि त्याच्यामागे डझनावारी पडले. २०१४ ला यॉर्कशरच्या गर्दीचं सगळ्यांनी कौतुक केलं, पण रेसकडे पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांबद्दल सायकलपटूंनी तक्रारही केली होती. पुण्यातही फोन पुढे काढून रस्त्यात वाकणारे मी डोळ्यांनी पाहिले. या खेळात मैदान आणि प्रेक्षक यांच्यात कठडा नसतो, विश्वास असतो. पोरांचा हात धरा, कुत्रं बांधा, फोन छातीशी ठेवा.

*

माळावरची

@शिट्टी, अगदी. त्या दिवशी आईने माझ्या मुलाची कॉलर मुठीत धरली होती ती शेवटची गाडी जाईपर्यंत सोडली नाही. आणि तिने वाटीत पाणी भरून ठेवलं होतं, "त्यांना देऊ का?" म्हणून. असं मध्ये जाऊन देता येत नाही हे समजावलं, तेव्हा तिने ते पोलिसाच्या घोड्याला पाजलं.

२०१४ नंतर इथे २०१५ पासून पाच वर्षं "टूर द यॉर्कशर" व्हायची. २०१७ ला स्त्रियांची रेस लिझी डेग्ननने जिंकली. ती इथल्याच ओटलीची. तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती, माझ्या खांद्यावर बसून बघत होती. जिंकणारी बाई आपल्या शेजारच्या गावची आहे हे कळल्यावर तिने घरी येऊन सायकलची मागची छोटी चाकं काढायला लावली.

आणि २०१९ ची सायकलिंगची जागतिक स्पर्धा, हॅरोगेटला. पुरुषांच्या रेसच्या दिवशी इतका पाऊस की डेल्समधल्या, म्हणजे इथल्या डोंगरदऱ्यांतल्या, रस्त्यांवर पाणी चढलं आणि बटरटब्स व ग्रिंटन मूर हे दोन चढ आयत्या वेळी वगळावे लागले. तरीही २६१ किलोमीटर उरले. आम्ही हॅरोगेटच्या फेरीवर सहा तास छत्रीखाली. प्रत्येक फेरीला घोळका लहान होत गेला. माथ्यू फान डेर पूल सगळ्यांत ताकदवान दिसत होता, आणि शेवटच्या फेरीत अचानक त्याचे पाय संपले. आमच्यासमोरून तो मान खाली घालून एकटा गेला. कुणी ओरडलं नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सावकाश, तो वळेपर्यंत. जिंकला डेन्मार्कचा तेवीस वर्षांचा माड्स पेडरसन. त्याच्या आनंदाइतकाच फान डेर पूलचा तो चेहरा माझ्या लक्षात राहिलाय.

*

घाटवाट

सगळ्यांचे आभार. पुढच्या वेळी पुण्यात रेस आली की मी सपाटीला उभा राहणार नाही. बोरघाटातला, शिंग्रोबाला कुणी येणार असेल तर सांगा, सरबत मी आणतो.

आणि धागाकर्ती, २०२७ ला टूर पुन्हा ब्रिटनमधून सुरू होतेय ना?

*

माळावरची

हो! पुरुषांची आणि स्त्रियांचीही. पुरुषांची एडिनबरामधून. मुलगा आता कॉलेजात आहे, त्याने आतापासून सुट्टी टाकून ठेवायची म्हटलंय. जवळपास कुणी मराठी मंडळी असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवा, एकत्र जागा धरू.

एक राहिलंच. जानेवारीत पुण्याची रेस पुरंदरमधून जाणार होती, तेव्हा आई आठवडाभर आधीपासून फोनवर तेच बोलत होती. त्या दिवशी माझ्याकडे सकाळचे सात, बाहेर मिट्ट काळोख. व्हिडिओ कॉल आला. आईच्या डोक्यावर ती ठिपक्यांची टोपी, पदरावरून. मागे आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या बायका, एकीच्या हातात हळदी-कुंकवाचं ताट. "आलं बघ हेलिकॉप्टर," आई म्हणाली आणि फोन फिरवला. पण तिने तो खाली धरला होता, त्यामुळे मला फक्त डांबर दिसलं, तिच्या चपलेचा अंगठा दिसला. आणि मग तो आवाज आला, सर्रर्र, पत्र्यावर सर चालून यावी तसा. अंथरुणात बसून डोळे मिटून ऐकला.

आवाज विरला तशी आईने फोन वर घेतला. धापा टाकत होती. म्हणाली, "दिसले का गं?"

मी म्हटलं, "सगळे दिसले."